हॉट प्रेसमधलं दत्तकपत्र

नरेश बर्गे कसा माणूस आहे असं डब्लिनच्या ओंगारमधल्या आपल्या मंडळींना विचारा, सगळे एकच सांगतील: सज्जन आहे हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गणपतीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायला पहिला, फोटोत शेवटच्या रांगेत. सिटीवेस्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बारा वर्षं काढली, पण कुणाशी वाजलं म्हणून नाही. कसा आहेस विचारलं की 'ग्रँड', म्हणजे एकदम मजेत, म्हणायचं, हे त्यानं आयरिश लोकांकडून असं काही उचललं होतं की दाढ ठणकत असताना डेंटिस्टच्या खुर्चीत बसूनही तो 'ग्रँड' म्हणाला होता. अशा माणसाला लोक शांत म्हणतात. शांत कसला! अशांच्या पोटात काय शिजतंय ते त्यांच्या बायकांनासुद्धा धड कळत नाही.

नरेशच्या पोटात एकच गोष्ट होती आणि ती जवळजवळ चाळीस वर्षं जुनी होती. सातारा जिल्ह्यात कोरेगावला एक म्हातारा राहत होता, पद्माकर बर्गे नावाचा, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला. तो जिवंत आहे तोवर त्याला एकदा 'अण्णा' म्हणून हाक मारायची, एवढंच नरेशला हवं होतं. पद्माकर हा त्याचा जन्मदाता. पण नरेश त्याला 'काका' म्हणत असे, आणि तसंच म्हणायचं हे ठरलेलं होतं.

झालं होतं असं. पद्माकरचे थोरले बंधू बाळासाहेब पुण्यात पाटबंधारे खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. सगळं होतं, मूल नव्हतं. पद्माकरला दोन मुलगे. थोरला द्यायचा नसतो, म्हणून संजीव राहिला आणि धाकटा नरेश दिला गेला. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला आठवत होता तो नवा कडक शर्ट, भटजींचा मोठा आवाज आणि पायाच्या बोटांवर सांडलेलं गार पाणी. पद्माकरनं ओंजळीतून उदक सोडलं होतं ते ताम्हनाबाहेर गेलं आणि पोराच्या पायावर पडलं. मग विजयालक्ष्मीबाईंनी, म्हणजे कालपर्यंतच्या काकूंनी, त्याला मांडीवर घेतलं आणि तोंडात साखर घातली. दुपारी जीपमधून तो पुण्याला गेला. जीपमागे थोडं अंतर संजीव धावत आला होता.

पुण्यात दोन-चार वेळा पोरगं चुकलं, पद्माकर भेटायला आला की 'अण्णा' म्हणून बिलगलं. विजयालक्ष्मीबाई कधी रागावल्या नाहीत. त्या फक्त त्या दिवशी जेवल्या नाहीत. पोर शहाणं होतं, सातव्या वर्षापर्यंत 'काका' म्हणायला शिकलं. पुढे जन्मदाती आई गेली, तेव्हा नरेश डब्लिनहून धावतपळत कोरेगावला पोचला आणि पुतण्यांच्या रांगेत उभा राहिला. चितेपाशी पाणी पाजलं ते संजीवनं. पद्माकरनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली. त्या मान फिरवण्याचा अर्थ नरेश पुढं अकरा वर्षं लावत बसला होता, आणि तो दर वर्षी वेगळा निघत होता.

बाळासाहेब वारले. विजयालक्ष्मीबाई २०२०च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून ओंगारला आल्या, आणि मार्चमध्ये जग बंद झालं. तीन महिन्यांचं वर्ष झालं. नरेशनं वरच्या छोट्या खोलीत टेबल टाकून ऑफिस थाटलं, मेधानं म्हणजे त्याच्या बायकोनं बेडरूममध्ये, आणि सोळा वर्षांच्या इशितानं जेवणाच्या टेबलावर शाळा. म्हातारीला कुठं जायला जागा नाही, बोलायला माणूस नाही. ती सकाळी मागच्या भिंतीवर भाताची मूद ठेवायची. कावळा तिथं यायचा नाही, यायचा तो एक काळापांढरा लांब शेपटीचा पक्षी. इशितानं तिला सांगितलं होतं की याला मॅगपाय म्हणतात आणि एकटा दिसला की दुःख येतं, म्हणून त्याला सलाम करायचा असतो. म्हातारीनं सलामबिलाम काही केला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती दोन मुदी ठेवू लागली, जोडीदार यावा म्हणून. तो शेवटपर्यंत एकटाच येत राहिला.

आणि याच घरात, २०२१च्या जानेवारीत, एक रोमन माणूस शिरला.

इशिताला शाळेत क्लासिकल स्टडीज नावाचा विषय होता, म्हणजे जुने ग्रीक, जुने रोमन, त्यांची घराणी आणि त्यांची भांडणं. शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या. बाईंनी घरी करायला प्रोजेक्ट दिला होता: एक रोमन सरदार घ्या, त्याचं आयुष्य आणि त्याचा गोतावळा मांडा. इशिताच्या वाट्याला आला लुसियस एमिलियस पॉलस. नरेशला कौतुक फार. दुपारी जेवायला खाली आला की तो विचारायचा, काय म्हणतोय तुझा रोमन? ती आयरिश हेल काढून इंग्रजीत सांगायची आणि पॉलसचा उल्लेख इथल्या पोरांसारखा 'युअर मॅन' असा करायची, जणू तो शेजारच्या गल्लीत राहतो.

तर हा पॉलस खानदानी, कडक शिस्तीचा. पहिली बायको त्यानं सोडली. मित्रांनी विचारलं, अरे सुंदर आहे, शीलवान आहे, मुलं झाली तिला, मग का? त्यानं पायातला जोडा पुढं केला आणि म्हणाला, हा नवा आहे, चांगला शिवलेला आहे, पण कुठं चावतो ते मलाच ठाऊक. नरेश हसला. मेधाही हसली. पुढं त्याला मॅसेडोनियाच्या पर्सियस राजावर स्वारी करायचा मान मिळाला. तो घरी आला तर धाकटी मुलगी रडत बसलेली. काय झालं ग? तर म्हणाली, बाबा, पर्सा मेला. पर्सा म्हणजे तिचं कुत्र्याचं पिल्लू. पॉलसनं तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, हा शकुन मी घेतला. राजाचं नाव आणि पिल्लाचं नाव सारखंच की. आणि खरोखरच राजा हरला.

विजयालक्ष्मीबाई तिथंच लसूण सोलत होत्या. मेधानं त्यांना मराठीत सांगितलं तशी त्यांचा हात थांबला. लेकराच्या रडण्यातनं कुणी शकुन घेतं व्हय, असं म्हणून त्या उठूनच गेल्या.

दोन दिवसांनी इशितानं पॉलसचा वंशवृक्ष काढला. मोठ्या कागदावर. नावं चौकटीत, चौकटींमध्ये रेषा. पॉलसच्या खाली चार मुलगे. दोन रेषा ठसठशीत, दोन तुटक. तुटक का, म्हणून नरेशनं सहज विचारलं. पोरगी म्हणाली, हे दोघे पहिल्या बायकोचे, ते त्यानं दत्तक दिले. एक फेबियस घराण्यात, एक सिपियो घराण्यात. हा सिपियो तर त्याच्या सख्ख्या बहिणीचाच मुलगा, त्याला मूल नव्हतं. मोठ्या घराण्यांत तशी पद्धत होती, घर भरलेलं असलं की द्यायचे. दिलेल्यांची नावं बदलली. दुसऱ्या बायकोचे दोघे त्यानं घरी ठेवले, आपलं नाव चालवायला.

"मग?" नरेशनं विचारलं. तोवर त्याचा घास हातातच राहिला होता.

मग काय, इशिता म्हणाली, तो जिंकून आला. रोममध्ये तीन दिवस मिरवणूक. पण मिरवणुकीच्या पाच दिवस आधी घरी ठेवलेल्यांतला एक मुलगा मेला, चौदा वर्षांचा. आणि मिरवणूक संपल्यावर तिसऱ्या दिवशी दुसरा मेला, बारा वर्षांचा. युअर मॅन मग लोकांपुढं उभा राहिला आणि म्हणाला की हरलेल्या पर्सियसची मुलं जिवंत आहेत, जिंकलेल्या माझी नाहीत. दोघं दिले ते आता दुसऱ्यांचे. माझ्या घरात मी म्हातारा तेवढा उरलो. इशितानं हे सगळं पेन्सिलीचं टोक चावत सांगितलं आणि ठसठशीत रेषांखालच्या दोन चौकटींत बारीकसे क्रॉस काढले.

नरेशच्या मनात पाल चुकचुकली. शिकला-सवरलेला माणूस, दिवसभर कोड लिहिणारा, तरी चुकचुकली. त्याला ते क्रॉस दिसत राहिले. दोन तुटक रेषांखाली काहीच खूण नव्हती, दिलेले दोघे मजेत जगले होते.

"ते परत आले का? दिलेले?"

नाही, पोरगी म्हणाली, परत कसे येतील, कायद्यानं ते त्याचे नव्हतेच. पण पुढं पॉलस मेला तेव्हा त्याची शेवटची क्रिया त्या दोघांनीच केली. असं म्हणून तिनं वर बघितलं, बापाचा चेहरा बघितला, आणि विचारलं काय झालं. तेव्हा नरेशनं आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कोरेगावचे पद्माकर आजोबा हे तुझे चुलत आजोबा नाहीत, सख्खे आहेत. संजीवकाका माझा सख्खा भाऊ आहे. मीही असाच दिलेला आहे. इशितानं पेन्सिल खाली ठेवली. आणि मागं दारात विजयालक्ष्मीबाई उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता, पण त्या दिवशी संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी नरेश पुन्हा पाच वर्षांचा झाला आणि निमूट ताट उचलून ठेवून आला.

त्या दिवसापासून त्याला संजीवची धास्ती लागली. संजीव कोरेगावात औषधांचं दुकान चालवायचा. गेलं वर्षभर सगळं गाव घरात बसलं होतं आणि हा दुकानात, खोकणाऱ्या प्रत्येकाच्या समोर उभा. मूलबाळ नव्हतं, घरात बायको आणि अण्णा. आधी आठवड्यातून एकदा होणारा फोन नरेश आता रोज करू लागला. मास्क दुहेरी लाव, काउंटरला काच बसव, दुकान बंद ठेव, पोरगा ठेव आणि तू घरी बस. संजीव खो खो हसायचा. एकदा नरेशनं न राहवून विचारलंच, दादा, तुला काही झालं तर रे? आणि संजीवनं लहानपणीचं नाव काढलं.

"शुभ बोल नाऱ्या," तो म्हणाला, "तर म्हणे मांडवाला आग लागली."

हसून फोन ठेवला त्यानं. नरेश खिडकीशी उभा राहिला. भिंतीवर तो पक्षी होता, एकटाच, आणि दोन मुदींतली एक तशीच पडली होती. रोमची गोष्ट रोमला, आपलं काय तिथं, असं त्यानं स्वतःला बजावलं. मेधालाही सांगायला गेला तर ती म्हणाली, अरे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची पोरं गेली म्हणून तू इथं रडतोयस? बरोबरच होतं तिचं. पण भीतीला बरोबर-चूक कळतं थोडंच. इशितानं तो वंशवृक्ष जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर चिकटवला होता, आणि येता-जाता नरेशची नजर त्या क्रॉसवर जायची. मार्चमध्ये शाळा सुरू झाली, कागद शाळेत गेला, तरी भिंतीवर तेवढी चौकोनी जागा त्याला वेगळीच दिसायची.

एप्रिलच्या मध्यावर फोनवर संजीवला खोकला आला. थंड पाणी प्यालो म्हणाला. दोन दिवसांनी ताप, चौथ्या दिवशी साताऱ्याच्या हॉस्पिटलात. त्या दिवसांत बेड मिळणं म्हणजे लॉटरी लागणं होतं, ती लागली म्हणून सगळ्यांनी देवाला हात जोडले. सोमवारी त्यानं ऑक्सिजनच्या मास्कमधून फोन केला. आवाज तळघरातून यावा तसा येत होता. नाऱ्या, येतोयस का, एवढंच विचारलं. नरेश म्हणाला, येतो.

आता येणं म्हणजे काही सोपी गोष्ट नव्हती. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जाण्याचे नियम नुकतेच सैल होत होते, पण देशाबाहेर जायला सबळ कारण लागत होतं. विमानतळाच्या वाटेवर गार्डा, म्हणजे इथले पोलीस, थांबवून विचारत. कंपनीत त्या आठवड्यात मोठं काम संपवायचं होतं. जवळच्या नातेवाइकाच्या आजारपणासाठी तातडीची रजा होती, त्याचा एक फॉर्म होता, आणि ती रजा मंजूर झाली की कंपनी प्रवासासाठी पत्रही देत होती. नरेशनं मंगळवारी सकाळी तो फॉर्म उघडला. नाव, कर्मचारी क्रमांक, रुग्णाचं नाव. मग रुग्णाशी नातं. तिथं त्यानं लिहिलं: कझिन.

अरे गाढवा! पण त्याला तरी काय म्हणणार? चाळीस वर्षं शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या पत्रिकेत, व्हिसाच्या कागदात त्यानं तेच लिहिलं होतं. हात आपोआप गेला. विचार करायला तो थांबलाच नाही. फॉर्म पाठवून दिला आणि तिकिटं बघत बसला, दोहामार्गे मुंबई.

दुपारी उत्तर आलं. रजा बघणारी बाई फार चांगली होती, तिनं आधी संजीवच्या प्रकृतीबद्दल चार ओळी मनापासून लिहिल्या होत्या. मग लिहिलं होतं की या रजेच्या यादीत आई, वडील, भाऊ, बहीण, मूल, जोडीदार, आजी-आजोबा येतात. कझिन येत नाही. मोठं काम झाल्यावर साधी सुट्टी घेता येईल. हे चालेल ना?

नरेशनं उत्तर लिहिलं, 'ग्रँड.'

ते पाठवल्यावर त्याला कळलं आपण काय केलं. चूक दुरुस्त करायला दोन शब्द लागले असते. पण पुरावा मागितला असता, आणि शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टापर्यंत प्रत्येक कागदावर त्याच्या आणि संजीवच्या मधल्या नावात वेगवेगळे बाप होते. नरेश बाळासाहेब. संजीव पद्माकर. नातं सांगणारा एकच कागद जगात होता, दत्तकपत्र, आणि ते विजयालक्ष्मीबाईंकडे. मागायचं म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं की मला लिहून द्यायचंय, तो माझा भाऊ आहे. मग भाऊ म्हटलं की अण्णा आलेच. म्हातारी सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, परक्या देशात अडकलेली. तिला काय वाटेल? असा विचार करत मंगळवार गेला. बुधवारही गेला. बुधवारी संजीवचा एक ध्वनिसंदेश आला, त्यात नुसता श्वास होता आणि शेवटी, अण्णांकडं बघ रे, असं काहीसं.

गुरुवारी दुपारी मेधाला स्वयंपाकघरात सगळा प्रकार कळला आणि तिचा ताबा सुटला. ती एरवी आवाज चढवणारी बाई नव्हे. भाऊ लिहायला तुझं काय जातं, असं तिनं विचारलं. नरेश म्हणाला, हळू बोल, आई ऐकेल. मेधा म्हणाली, ऐकू देत, तिकडं माणूस श्वास मोजतोय आणि तू इथं जेवणाखाणाचे रुसवे मोजतोयस. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. वर जाणारी, सावकाश.

इथल्या घरांत वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात त्याला. टॉवेल, चादरी त्यात ठेवतात म्हणजे कोरड्या राहतात. त्याचं दार करकरलं. पाच मिनिटांनी विजयालक्ष्मीबाई खाली आल्या त्या हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत पिशवी, त्यात चौपदरी घडीचा स्टँपपेपर. इथल्या ओल्या हवेत कागद सादळतो म्हणून तिनं तो चौदा महिने टॉवेलांखाली जपला होता. तीन महिन्यांसाठी आलेली बाई दत्तकपत्र बरोबर घेऊन आली होती. न जाणो, कुणी पोरगा परत मागितला तर!

कागद कोमट होता. नरेशनं तो पहिल्यांदाच वाचला. खाली पद्माकरची सही, एसटीच्या तक्त्यांवर करायचा तशी, सरळ. त्यावर लिहिलं होतं की सदर मुलगा मी राजीखुशीनं दिला असून यापुढं त्याच्यावर माझा व माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही.

"ह्ये लाव त्येला," म्हातारी म्हणाली. "आन् भाऊ म्हनून लिव. माज्यापायी आडू नगंस."

नरेशला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, तिचा रागही आला, आणि चाळीस वर्षं हिनं आपल्याला इतकं घट्ट धरलं त्याची दयाही आली. मेधानं कागदाचे फोटो काढले, बाजूला इंग्रजी लिहिलं आणि फॉर्म नव्यानं भरला. शुक्रवारी सकाळी दहाच्या आत रजा मंजूर झाली, पत्र आलं, रजा बघणाऱ्या बाईनं वर माफीही मागितली. मंगळवारीच लिहिलं असतं तर शुक्रवारी संध्याकाळी नरेश साताऱ्यात असता. आता रविवारचं तिकीट मिळालं. शनिवारी सकाळी त्यानं ब्लँचर्डस्टाउनजवळ प्रवासाआधीच्या चाचणीसाठी नाकातला नमुना दिला, येताना अण्णांसाठी मऊ लोकरी मोजे घेतले.

घरी येऊन गाडी लावतो तोच फोन वाजला. संजीवदादाच्या बायकोचा भाऊ होता. सकाळी, भारतातल्या अकराला, संजीव गेला. तिथल्या सव्वाचारला नगरपालिकेच्या लोकांनी क्रिया उरकली. घरचं कुणी जवळ नव्हतं.

नरेश गाडीतच बसून राहिला. इशिता बाहेर आली, काचेतून बघितलं आणि बापाशेजारच्या सीटवर येऊन बसली. नरेश हमसून हमसून रडला. आपण भाऊ गमावला म्हणून रडला, आणि मंगळवारचा तो एक शब्द आठवून रडला.

दुपारी अडीचला, कोरेगावात सात वाजले असतील, त्यानं पद्माकरला फोन लावला. विजयालक्ष्मीबाई समोर खुर्चीत बसल्या होत्या. नरेशनं मनाशी ठरवलं होतं. आज म्हणायचं. आता आडवं येणारं कोणी उरलं नव्हतं, आणि म्हाताऱ्याच्या घरात विधवा सून आणि तो म्हातारा एवढेच उरले होते. उद्या विमानात बसायचं, दारात जायचं आणि मुलगा म्हणून उभं राहायचं. ते रोमन दोघे बाप मेल्यावर आले होते, हा बाप जिवंत असताना जाणार होता.

फोन उचलला गेला. नरेशच्या तोंडून शब्द फुटायच्या आत विजयालक्ष्मीबाईंनी हात पुढं केला आणि फोन घेतला. कानाला लावला नाही, स्पीकरवर ठेवला. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या दिशी तुमी पानी सोडलं आन् म्या पदर पसरला. आता म्या पदर झाडत्ये. तुमचा ल्योक तुमाला माघारी घ्या."

हे बोलायला तिला किती लागलं असेल ते तिचं तिला. मेधानं तोंडावर हात ठेवला. पलीकडे पंखा घरघरत होता.

"न्हाय, वहिनी," पद्माकर म्हणाला. आवाज रडका नव्हता, कोरडा ठणठणीत होता, स्टँडवर गाडी रद्द झाल्याचं सांगायचा तसा. "दोन हुती. माज्या घरात ऱ्हायला त्यो गेला. दिला त्यो वाचला. आता परत घिऊन त्येचं काय करू मी?"

मग त्यानं नरेशला बोलावलं. फोन तिथंच टेबलावर होता, नरेश फक्त वाकला. म्हातारा म्हणाला की तिकीट रद्द कर. इथं रोज माणसं जात आहेत, या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. तिकडं सुनेला, पोरीला जप. वहिनींना अंतर देऊ नको.

"मी गेल्यावर ये," तो म्हणाला. "तवा कुनी आडवायचं न्हाय तुला. तवर मी तुजा काका. म्हन."

नरेशच्या ओठांवर तो दुसरा शब्द होता. चाळीस वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेला, आता नुसता बाहेर पडायचा राहिलेला. समोर विजयालक्ष्मीबाई मान हलवून, म्हण, म्हण, असं खुणावत होत्या, त्याच दुसऱ्या शब्दासाठी. आणि पलीकडे म्हातारा श्वास रोखून वाट बघत होता की आपला उरलेला मुलगा आपला नाही हे तो एकदा कबूल करतोय का.

"बरं, काका," नरेश म्हणाला.

पलीकडे म्हाताऱ्यानं श्वास सोडला. मग त्यानं विचारलं, जेवलास का.